लिस्बनचं 24 तासांचं तिकीट: एका निवृत्त कंडक्टरचा अभिप्राय

मी बेस्टमध्ये 33 वर्षं कंडक्टर होतो. तिकीट विकण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही नव्या गावात गेलो की आधी तिथलं तिकीट हातात घेऊन बघतो. कागद कसला, त्यावर काय छापलंय, किती वेळ चालतं, माणसाला ते समजतं का. मे 2024 मध्ये आम्ही दोघं मुलीकडे पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला गेलो होतो. त्यावर लिहायचं राहून गेलं होतं. परवा आमच्या वसईतलं एक जोडपं तिकडे निघालंय म्हणून चौकशीला आलं, तेव्हा म्हटलं एकदा नीटच लिहून ठेवू.

आम्ही रविवारी रात्री पोहोचलो आणि सोमवारी मुलीला ऑफिस होतं. ती म्हणाली, “बाबा, बस-ट्राम-मेट्रोचं 24 तासांचं तिकीट काढा आणि फिरा. चुकलात तर उतरा आणि उलट्या गाडीत बसा. पैसे परत लागणार नाहीत.” सौ.ची काळजी वेगळी होती. तिचे गुडघे दुखतात, आणि लिस्बन हे नुसत्या चढ-उतारांचं शहर आहे. सपाट असा मधला एक तुकडा सोडला तर घराबाहेर पाऊल टाकलं की एकतर वर जायचं, नाहीतर खाली.

तिकिटाची माहिती आधी देतो. ते कोणत्याही मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमध्ये मिळतं आणि मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते. आधी कार्ड घ्यावं लागतं, ते 50 सेंटचं. मग त्यावर 24 तासांचं तिकीट भरायचं. आम्ही गेलो तेव्हा ते 6 युरो 80 सेंटला होतं, त्यानंतर थोडं वाढलंय. कार्ड जाड कागदाचं आहे आणि आत चिप आहे, म्हणून दुमडू नका, पाकिटात सरळ ठेवा. माणशी एक कार्ड लागतं. मी एकाच कार्डावर दोघांचं भरायला निघालो होतो, मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी हात धरून थांबवलं. आधी सौ.कडे बोट दाखवलं, एक बोट वर केलं, मग माझ्याकडे दाखवलं, पुन्हा एक. दोन कार्डं निघेपर्यंत बिचाऱ्या थांबून राहिल्या, त्यांची मेट्रो तेवढ्यात निघून गेली.

मला यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे वेळेचा हिशोब. आमचा दैनिक पास त्या तारखेपुरता असायचा. संध्याकाळी चारला पास मागणाऱ्या प्रवाशाला मीच सांगायचो, आता घेऊ नका, नुकसान होईल. इथे तसं नाही. पहिल्यांदा कार्ड टेकवलं तिथपासून 24 तास. आम्ही आंजुश स्टेशनवर सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी टेकवलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी 7:10 पर्यंत चालणार. संध्याकाळी पोहोचणाऱ्याने संध्याकाळी काढलं तरी त्याचा पैसा वाया जात नाही. आम्ही गेलो तेव्हा यात मेट्रो, बस, ट्राम, डोंगरावर चढणाऱ्या केबलच्या गाड्या आणि सांता जुश्ताची लिफ्ट एवढं सगळं येत होतं. उपनगरी रेल्वे आणि नदीवरची फेरीबोट येत नाही, त्यांच्यासाठी जास्त किमतीचं निराळं तिकीट आहे.

आता 28 नंबरच्या ट्रामबद्दल. लिस्बन म्हटलं की फोटोत जी पिवळी ट्राम दिसते ती हीच. आम्ही मेट्रोने दोन स्टेशनं जाऊन मार्तीं मोनीझला उतरलो. हा 28 चा सुरुवातीचा स्टॉप आहे. साडेसात वाजायला आले होते, रांगेत आमच्यापुढे चार माणसं. बसायला खिडकीची जागा मिळाली. त्याच जागेवर आम्ही दुपारी पुन्हा गेलो, तर रांग चौकाला वळसा घालून गेली होती आणि येणारी गाडी तिथेच गच्च भरत होती. गाडीत बसायच्या जागा जेमतेम वीस, त्यामुळे दुसरं काही होणंच शक्य नाही. म्हणून माझं ऐका: 28 ने जायचं तर आठच्या आत जा. आठनंतर ती ट्राम नुसती बाहेरून बघा.

ही गाडी लाकूड आणि पितळ अशी आहे. डबे 1930 च्या दशकातले, आतली यंत्रं 1990 च्या दशकात बदलली. मी मुद्दाम ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. त्याला तिथे ‘ग्वार्दा-फ्रेयू’ म्हणतात, म्हणजे ब्रेक सांभाळणारा. चालवणारा असं न म्हणता ब्रेक सांभाळणारा का म्हणतात, ते पहिल्या उतारावरच कळलं. काही ठिकाणी शंभर फूट पुढे गेलं की जवळपास चौदा फूट चढ आहे. आपल्या माथेरानच्या गाडीसारखी वळणं घेत घेत जायला इथे जागाच नाही, सरळ गल्लीतून वर. दातेरी रूळही नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, आणि घसरायला लागलं की रुळावर वाळू सोडायची. माझ्यासमोरचा माणूस डाव्या हाताने हँडल एक-एक खाच पुढे नेत होता, उजवा हात ब्रेकवरून एकदाही काढला नाही, आणि कोणी रुळात आलं की पायाने घंटा वाजवत होता.

ती पायाची घंटा ऐकली आणि मला अण्णा आठवले. माझे वडील मुंबईच्या ट्रामवर कंडक्टर होते. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला रात्री बोरीबंदरहून दादरला आली. मी सहा वर्षांचा होतो, अण्णांनी खांद्यावर घेऊन ती गर्दी दाखवली होती. मला गाडी फारशी आठवत नाही, घंटा आठवते. दादर टीटीला आजही लोक टीटीच म्हणतात, पण त्यातला टी हा ट्रामचा, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. लिस्बनमध्ये घोड्यांची ट्राम 1873 साली सुरू झाली, मुंबईत 1874 साली. विजेवरची तिथे 1901 साली, आपल्याकडे 1907 साली. दोन्ही एका वयाच्या. आपली गेली आणि त्यांची चालू आहे, आणि तीही नुसती पर्यटकांसाठी नाही. सकाळच्या त्या गाडीत शाळेची पोरं होती, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी होत्या, एक रंगारी बादली घेऊन उभा होता. त्याने सौ.ला चढताना हात दिला. पायऱ्या उंच आहेत, हे गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा. धरायला दांडा आहे, पण पहिली पायरी आपल्या जुन्या लाल बसपेक्षाही उंच वाटली. व्हीलचेअर या जुन्या गाड्यांत चढत नाही.

आल्फामा या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक गल्ली आहे, तिथे एकच रूळ मावतो. दोन्ही टोकांना सिग्नल, एक गाडी बाहेर आली की दुसरी आत. दोन्हीकडच्या घरांच्या भिंती इतक्या जवळ की खिडकीतून हात बाहेर काढला तर जायबंदी होईल. एका दारात एक बाई गाडी जाईपर्यंत पाठ भिंतीला लावून उभी होती, हातात दुधाची बाटली. गाडी गेल्यावर ती पुन्हा चालू लागली असणार, रोजच्यासारखी.

गाडी शेवटच्या स्टॉपला, म्हणजे प्राझेरेशला, पन्नासेक मिनिटांनी पोहोचली. तिथे सगळ्यांना उतरावं लागतं, परत बसायचं तर पुन्हा कार्ड टेकवायचं. सुटं तिकीट ट्राममध्ये ड्रायव्हरकडून घेतलं तर माणशी तीन युरोहून जास्त जातात आणि ते एकाच फेरीचं असतं. आमच्यापुढचं एक जोडपं तिथे पुन्हा पैसे मोजत होतं. आम्ही कोपऱ्यावर कॉफी घेतली, समोरच्या दफनभूमीतल्या सुरूच्या झाडांखाली दहा मिनिटं बसलो आणि त्याच कार्डावर परत फिरलो. वाटेत एश्त्रेलाचं पांढरं घुमटाचं चर्च दिसलं. सौ. म्हणाली, “उतरू या का?” मी म्हटलं, “उतर.” एवढंच. मागे किती पैसे गेले, पुढे किती जातील, हा विचार करावा लागला नाही. चर्चसमोरच्या बागेत बाकावर बसलो, म्हातारी माणसं पत्ते खेळत होती ती बघितली, गुडघे मोकळे झाले, मग पुढची 28 पकडून कामोंइश चौकात आलो. तोपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत चार भाषांत पाकीटमारांपासून सावध राहायची पाटी आहे आणि ती खरी मानून वागा. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी. गर्दीत धक्का देऊन ‘सॉरी’ म्हणणाऱ्याकडे बघू नका, आधी खिसा बघा. 33 वर्षांचा अनुभव आहे.

कामोंइश चौकातून कार्मूचं चर्च पाच-सात मिनिटांवर आहे. याचा तिकिटाशी संबंध नाही, आत जायला वेगळे पैसे पडतात, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी लिस्बनमध्ये मोठा भूकंप झाला. सणामुळे चर्चं भरलेली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंपामागून समुद्राचं पाणी आलं आणि कित्येक दिवस आग जळत राहिली. कार्मूच्या चर्चचं छप्पर त्या दिवशी कोसळलं. पुढे ते पुन्हा घातलंच नाही. दगडी खांब उभे आहेत, त्यांच्यावर कमानी उभ्या आहेत, बरगड्यांसारख्या, आणि त्यांच्या मधून निळं आभाळ. खाली हिरवळ.

सौ. आत शिरली आणि थांबली. म्हणाली, “अहो, हे तर आपल्या किल्ल्यातलं आहे.” खरंच तसं होतं. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची चर्चं अशीच बिनछपराची उभी आहेत, लहानपणापासून आम्ही तिथे फिरलोय, लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा तिथेच भेटलो होतो. आपल्याकडे भिंतीतून पिंपळ आलेत, इथे कबुतरं होती, एवढाच फरक. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती 1739 साली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाच्या म्हणून नेल्या, त्या आज भीमाशंकरला, मेणवलीला टांगलेल्या दिसतात. ज्यांनी ती चर्चं बांधली त्यांच्या राजधानीतलं चर्च त्यानंतर 16 वर्षांत असं झालं. आम्ही दोघं त्या हिरवळीच्या कडेला अर्धा तास बसलो, फारसं बोललो नाही.

कार्मूच्या मागच्या बाजूनेच सांता जुश्ताच्या लिफ्टचं वरचं टोक आहे. ही 1902 सालची लोखंडी लिफ्ट, 45 मीटर उंच, खालच्या बाजाराला वरच्या वस्तीशी जोडणारी. सगळे लोक खाली रांग लावत होते, कारण त्यांना वर जायचं होतं. त्या दिवशी ती रांग पार गल्लीच्या मागे वळली होती. आम्ही वरून खाली आलो. वर आमच्यापुढे सहा माणसं होती. गुडघेदुखीला चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रासाचं असतं, हे ज्याला दुखतं त्यालाच माहीत. त्यामुळे ही युक्ती सौ.ला फार सोयीची झाली. शिवाय नुसत्या या लिफ्टचं वेगळं तिकीट काढलं तर जवळपास 24 तासांच्या तिकिटाइतकेच पैसे जात होते. म्हणजे दुपारच्या बाराच्या आत आमचे पैसे वसूल.

खाली बाइशा, भूकंपानंतर नव्याने वसवलेला भाग. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. पोंबाल नावाच्या मंत्र्याने हे सगळं उभं केलं. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालायची पद्धत त्या वेळी काढली, म्हणजे जमीन हलली तरी घर डुलेल पण पडणार नाही. सांगतात की नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावली, हादरे बसतात कसे ते बघायला.

जेवणात थोडा मनस्ताप झाला. एका लहान खानावळीत बसलो, नाव घेत नाही. न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आलं. आम्हाला वाटलं आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसं असेल. बिलात तिन्हींचे वेगळे पैसे लागले. पोर्तुगालमध्ये ही पद्धतच आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, पैसे लागत नाहीत. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय. मात्र त्याच टेबलावर सौ.ला मोठा आनंद झाला. वाढपी पावाला ‘पांऊ’ म्हणाला. सूप कशाचं आहे विचारलं तर म्हणाला ‘बताता’ आणि ‘कोव’. सौ.ने लगेच माझ्याकडे बघितलं: बटाटा आणि कोबी! मग तिने टेबलावर हात ठेवून विचारलं, तो म्हणाला ‘मेझा’. घराची किल्ली काढून दाखवली, तो म्हणाला ‘शाव’. चावी. हात धुवायला गेली तर तिथे साबणाच्या बाटलीवर ‘साबांऊ’ लिहिलेलं. परक्या देशात पहिल्या दिवशी आपल्याच घरातले शब्द असे भेटतील, असं तिला वाटलं नव्हतं. सूप घेताना सॉसेजची चकती घालू नका म्हणून सांगावं लागतं, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा.

दुपारी लिस्बनच्या किल्ल्याकडे जायला 737 नंबरची लहान बस घेतली. ती प्रासा दा फिगैरा चौकातून सुटते आणि थेट किल्ल्याच्या दाराशी सोडते. हिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण म्हाताऱ्या माणसांसाठी या शहरातली सगळ्यात कामाची गाडी हीच. किल्ल्यात आम्ही गेलो नाही, सौ. दमली होती. तिथून उतारावर सावकाश चालत पोर्ताश दो सोल या चौकात आलो. खाली आल्फामाची लाल कौलं, त्यापलीकडे तेजो नदी, एवढी रुंद की मला वसईची खाडीच वाटली. परत येताना 12 नंबरची ट्राम घेतली. गाडी 28 सारखीच, तेच लाकूड, तीच घंटा, निम्म्या रस्त्यापर्यंत तोच मार्ग, आणि बसायला जागा! फेरी लहान आहे, पण 28 साठी तासभर उन्हात उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरी.

संध्याकाळी रेस्तावरादोरेश चौकातून ग्लोरियाच्या केबल-गाडीने वर गेलो. दोन डबे, एका केबलने जोडलेले, एक वर जायचा तेव्हा दुसरा खाली यायचा. 1885 पासूनची. वरच्या बागेतून समोरच्या डोंगरावरचा किल्ला संध्याकाळच्या उन्हात दिसतो. आम्ही त्याच गाडीने खाली आलो.

याच गाडीला 3 सप्टेंबर 2025 ला अपघात झाला. केबल जिथे डब्याला जोडलेली असते तिथे निसटली, डबा उतारावरून सुटला आणि 16 माणसं गेली. त्यात गाडीवरचा ब्रेक सांभाळणाराही होता. बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसलो होतो. आम्ही गेलो त्या दिवशी दाराशी उभा असलेला माणूस तोच होता की दुसरा कोणी, मला कळायला मार्ग नाही. त्याने सौ.साठी गाडी दोन मिनिटं थांबवली होती. सार्वजनिक गाडीवर काम केलेल्या माणसाला अशी बातमी लांबची वाटत नाही. जाणाऱ्यांनी निघण्याआधी केबल-गाड्या आणि लिफ्ट यातलं काय चालू आहे याची चौकशी करावी, कारण तिकिटाची किंमत त्यावरही ठरते. हे सगळं बंद असेल आणि तुम्ही दिवसात दोन-तीनदाच बसणार असाल, तर साधं तिकीट पुरे. ते आमच्या वेळी 1 युरो 80 ला होतं आणि तासाभरात गाडी बदलता येत होती.

मुलीने रात्री विचारलं, काय काय बघितलं. मी बसल्या बसल्या हिशोब केला: मेट्रो, ट्राम, बस, लिफ्ट, केबल-गाडी, मिळून दहा वेळा कार्ड टेकवलं. पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा कापतोय तो त्या उंच पायऱ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. झोपली होती. 7:10 पर्यंत तिकीट शिल्लक होतं. मी स्वेटर चढवला आणि एकटाच निघालो. मार्तीं मोनीझला 28 उभी होती. 7 वाजून 4 मिनिटांनी कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. गाडीत मी, ड्रायव्हर आणि जेवणाचा डबा घेतलेली एक बाई. ग्रासाला ती उतरली, आणि पुढचे दोन स्टॉप गाडीत मी एकटाच होतो.